आप्रवासी समाजातील समाईक भाषा : मॉरिशसमधील क्रिओलच्या संदर्भात

बीजसंज्ञा : समाईक भाषा, पूर्वजभाषा, करारबद्ध मजूर, क्रिओल, शिक्षणाचे माध्यम.

प्रस्तावना :

भाषा हे व्यवहाराचे साधन असते, तसेच ती समूहाच्या ओळखीची खूणही असते. एकभाषिक समाजात ही दोन्ही कार्ये एकच भाषा पार पाडते. त्यामुळे त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. परंतु निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या लोकांच्या समाजात ही कार्ये परस्परांपासून अलग होतात आणि 'सर्वांची भाषा कोणती?' हा प्रश्न उभा राहतो. या दृष्टीने मॉरिशस हे अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते; तेथील प्रत्येक कुटुंबाचे पूर्वज कधी ना कधी समुद्रमार्गे आलेले आहेत. त्यांत मराठी भाषकही होते. तेथे समाईक भाषा कशी घडली आणि ती सर्वांची असूनही शाळेच्या दाराशी इतका काळ का थांबली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सतराव्या शतकात डचांनी या बेटावर वसाहतीचे प्रयत्न केले व 1710 मध्ये ते निघून गेले. 1715 मध्ये बेट फ्रेंचांच्या ताब्यात आले. ऊसमळ्यांसाठी त्यांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. या गुलामांच्या भाषा परस्परांना अनाकलनीय होत्या. मालकाची फ्रेंच भाषा कानावर पडत होती, पण ती रीतसर शिकण्याची सोय नव्हती. अशा परिस्थितीत फ्रेंच शब्दसंग्रह व स्वतंत्र व्याकरण असलेली क्रिओल भाषा आकारास आली.

1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले; मात्र तेथील वसाहतकारांची भाषा, कायदे व चालीरीती कायम ठेवण्याचे त्यांनी मान्य केले. म्हणून राज्य इंग्रजांचे आणि प्रतिष्ठा फ्रेंचची, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. 1834 पासून भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले व 1835 मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. कोलकाता, मद्रास व मुंबई या बंदरांतून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर आले. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरत, तो 'आप्रवासी घाट' 2006 मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. भोजपुरी, तमिळ, तेलुगू व मराठी बोलणाऱ्या या मजुरांना मळ्यावर, बाजारात व शेजारी आधीच रुळलेली क्रिओल मिळाली आणि त्यांनी ती आत्मसात केली.

क्रिओलचे भाषिक स्वरूप :

क्रिओल म्हणजे 'मोडकी फ्रेंच' हा समज भाषाशास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. तिच्यातील क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनानुसार बदलत नाही. काळ व क्रियाव्याप्ती दर्शविण्यासाठी क्रियापदापूर्वी स्वतंत्र शब्द येतात. 'मो मांझे' म्हणजे मी खातो, 'मो पे मांझे' म्हणजे मी खात आहे, 'मो ती मांझे' म्हणजे मी खाल्ले आणि 'मो पु मांझे' म्हणजे मी खाईन. ही रचना नियमबद्ध असून फ्रेंच क्रियापदरूपांहून अगदी वेगळी आहे. भारतीय मजुरांच्या स्वयंपाकघरातील शब्दही या भाषेत स्थिरावले. 'सातिनी' हे 'चटणी'चेच रूप होय.

भाषांमधील कार्यविभागणी :

12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्या वेळच्या संविधानाने विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी ठरविली व सदस्यांना फ्रेंचमध्येही बोलण्याची मुभा दिली. क्रिओलचा त्यात उल्लेख नव्हता. परिणामी प्रशासन व पाठ्यपुस्तके इंग्रजीत, वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये, पूजाअर्चा पूर्वजांच्या भाषेत आणि घरगुती बोलणे क्रिओलमध्ये, अशी विभागणी रूढ झाली. 2011 च्या जनगणनेत पाचांपैकी चारांहून अधिक लोकांनी क्रिओल ही घरात बोलली जाणारी भाषा म्हणून नोंदविली. भोजपुरीचे प्रमाण मात्र 2000 मधील सुमारे 12 टक्क्यांवरून 2011 मध्ये सुमारे 5 टक्क्यांवर आले.

मराठीची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. कोकण व देशावरील ज्या मजुरांनी मुंबई बंदर सोडले, त्यांचे वंशज आज घरी बहुधा क्रिओलच बोलतात. तथापि मराठी शाळांमध्ये ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मराठी तेथे आरती, उत्सव व वर्ग यांची भाषा म्हणून टिकून आहे. घरातील बोलण्यातून ती बहुतांशी मागे सरली आहे. समाईक भाषेसाठी आप्रवासी समाजाला मोजावी लागलेली ही किंमत दुर्लक्षून चालणार नाही.

ओळखीचे राजकारण :

बोलण्यातून मागे सरलेली भाषा भावविश्वातून मात्र जात नाही. 1998 मध्ये नव्या चलनी नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी देवनागरी मजकूर छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाने तीव्र निषेध केला व त्या नोटा मागे घेण्यात आल्या. यातील लक्षणीय बाब अशी की, ज्या भाषेत हा वाद घरोघरी बोलला गेला असेल, त्या क्रिओलला नोटेवर स्थानच नव्हते.

यामागे एक कारण संभवते. क्रिओल ही कोणाच्याही 'मूळ देशाची' भाषा नाही. त्यामुळे ती बोलताना कोणालाही दुसऱ्या समाजापुढे नमते घेतल्यासारखे वाटत नाही. हेच तिच्या प्रसाराचे बळ होय. परंतु त्याच कारणाने तिच्या हक्कासाठी उभे राहणारेही थोडेच राहिले. शिवाय 'क्रिओल' हे प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या समाजाचेही नाव आहे. त्यामुळे सर्वांची भाषा कागदावर एका गटाची ठरण्याचा धोका कायम राहिला.

शाळा आणि समाईक भाषा :

या कोंडीची सर्वाधिक झळ मुलांना बसली. घरी क्रिओल बोलणारे मूल शाळेत इंग्रजी पुस्तक उघडते व शिक्षकाचे स्पष्टीकरण बहुधा फ्रेंच किंवा क्रिओलमध्ये ऐकते. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेत 2000 नंतरच्या दशकात साधारण एक तृतीयांश मुले अनुत्तीर्ण होत. 2017 मध्ये ही परीक्षा बदलली. अपयशाला दारिद्र्यासह अनेक कारणे होती. पण अपरिचित भाषेतील प्रश्नपत्रिका हे त्यांतील एक निश्चितच होते.

नाटककार व भाषाभ्यासक देव विरासामी यांच्यासारख्यांनी अनेक दशके क्रिओलचा पुरस्कार केला. पुढे तिच्या लेखनपद्धतीचे प्रमाणीकरण झाले आणि जानेवारी 2012 पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. मात्र हिंदी, तमिळ, मराठी आदी भाषांच्या रांगेतच तिला बसविण्यात आले. म्हणजे पालकांनी पूर्वजांची भाषा निवडावी की रोजची, असा पर्याय पुढे आला. वस्तुतः या दोन भाषांची कार्ये भिन्न असल्याने त्यांना परस्परांचा पर्याय मानणे शास्त्रीयदृष्ट्या सयुक्तिक नाही.

निष्कर्ष :

1. समाईक भाषा केवळ कायद्याने घडत नाही. एकत्र काम करण्याच्या व शेजारधर्माच्या गरजेतून ती घडते.
2. समाईक भाषेचा स्वीकार म्हणजे पूर्वजांच्या ओळखीचा त्याग नव्हे; मात्र पूर्वजभाषेचे घरातील स्थान त्यामुळे आकुंचित होते.
3. बोलण्यात सर्वमान्य असलेल्या भाषेला ज्ञानव्यवहारात स्थान नसेल, तर त्याची हानी प्रथम दुर्बल कुटुंबांतील मुलांना सोसावी लागते.
4. शिक्षणात समाईक भाषा व पूर्वजभाषा यांना स्पर्धक न मानता स्वतंत्र स्थान देणे आवश्यक आहे.

मुलाला वर्गात विषय समजला नाही की भाषा समजली नाही, हे ओळखणे ही अध्यापकाची पहिली जबाबदारी आहे. मॉरिशसचा अनुभव या जबाबदारीची जाणीव करून देतो.