गावच्या निवडणुकीचा कारभार : लेखांक ४ – अधिकारी आणि त्याची पात्रता

मागील लेखांकात प्रभागरचनेचा व मतदारयादीचा विचार झाला. आता ज्यांच्या हस्ते निवडणूक प्रत्यक्ष पार पडते, त्या अधिकाऱ्यांचा विचार क्रमप्राप्त आहे.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरील मोहर्ली गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की तिची सूत्रे भद्रावतीच्या तहसील कचेरीतून हलू लागतात. परंतु कचेरीची ही मुखत्यारी स्वयंभू नव्हे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या निवडणुकांचे अधीक्षण व नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले, आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास ज्या रीतीने दूर करता येते त्या रीतीखेरीज आयुक्तांना पदावरून काढता येऊ नये, अशी तजवीज केली. एवढ्या अधिकाराच्या आयुक्तांजवळ स्वतःची फौज मात्र नाही; लागेल तो कर्मचारीवर्ग राज्यपालांनी उपलब्ध करून द्यावा, असे तीच घटनादुरुस्ती सांगते. म्हणूनच एरवी सातबाऱ्याचे तंटे ऐकणारा महसुली अंमलदार काही आठवड्यांपुरता निवडणूक निर्णय अधिकारी होतो, आणि शाळेतील गुरुजी मतदान केंद्राध्यक्ष होऊन यंत्रे व लिफाफे सांभाळीत जंगलवाटेने केंद्रावर मुक्कामाला येतात.

या कामासाठी निराळी परीक्षा नाही, निराळी पदवी नाही. मग पात्रता ती कोणती? लोकसभा व विधानसभा यांना लागू असलेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २६व्या कलमात याचे मार्मिक उत्तर सापडते. मतदान अधिकारी गैरहजर राहिल्यास केंद्राध्यक्षाने केंद्रावर हजर असलेल्या कोणाही इसमास त्या जागी नेमावे व तसे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यास कळवावे. मात्र तो इसम कोणा उमेदवाराच्या चाकरीत वा कामात असता कामा नये. विद्या आणि हुद्दा यांची चौकशी न करता कायदा येथे केवळ निःसंगतेची चौकशी करतो. ज्या गावी जिप्सीचालक, वाटाडे व निवासगृहांचे मालक यांचे व्यवहार परस्परांत गुंतलेले असतात आणि उमेदवार कोणाचा ना कोणाचा सोयरा निघतो, त्या गावी ही अट विद्वत्तेहून दुर्मिळ ठरावी.

कर्तव्ये या अटीतूनच उगवतात. नामनिर्देशनपत्र फेटाळणाऱ्या निर्णय अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवावे लागते. विधानसभेच्या मतदानात एखाद्याच्या ओळखीस हरकत घेणाऱ्या प्रतिनिधीकडून केंद्राध्यक्ष दोन रुपये अनामत घेतो, जागच्या जागी चौकशी करतो, आणि हरकत खोडसाळ ठरल्यास ती रक्कम जप्त होते. आपल्या नावे दुसऱ्यानेच मत दिल्याचे आढळलेल्या खऱ्या मतदारास तो विन्मुख धाडीत नाही. कागदी मतपत्रिकेवर त्याचे प्रदत्त मत घेऊन ते वेगळे राखतो.

अधिकाऱ्याचा शब्द मात्र अखेरचा नव्हे. ग्रामपंचायतीचा निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो, आणि तेथे अधिकाऱ्याच्या सचोटीविषयीची ख्याती उपयोगी पडत नाही, दफ्तर उपयोगी पडते. निःसंगता मनात असून भागत नाही. ती कागदावर उतरावी लागते, आणि हे शिक्षण उसन्या अंमलदारास प्रत्येक निवडणुकीत नव्याने घ्यावे लागते.

पुढील लेखांकात मतमोजणी आणि समसमान मतांच्या प्रसंगी काढावयाची चिठ्ठी.