गोळ्या की क्युरेटिंग? गर्भपाताच्या दोन पद्धतींबद्दलचे समज

नऊ आठवड्यांपर्यंतचा गर्भ दोन पद्धतींनी काढता येतो. एक गोळ्यांची, दुसरी उपकरणाने पिशवी रिकामी करण्याची. बोलताना पहिलीला ‘साधी’ आणि दुसरीला ‘ऑपरेशन’ म्हटले जाते, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ या दोन शब्दांत आहे. साधी म्हणजे डॉक्टरांवाचून चालणारी आणि ऑपरेशन म्हणजे शरीराची हानी, असा अर्थ त्यातून काढला जातो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

गोळ्या दोन प्रकारच्या असतात. मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी आधी घेतली जाते. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ती अडवते. त्यानंतर 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल दिले जाते. हे औषध मुळात पोटातल्या अल्सरसाठी आले होते. ते पिशवीचे तोंड मऊ करते आणि पिशवीला आकुंचन पावायला लावते. कळा येतात, अंगावरून जाऊ लागते आणि गर्भ बाहेर पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये मान्यता मिळाली आणि दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला 2008 मध्ये. त्या पाकिटात मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात.

पाळी चुकल्यावर घ्यायच्या या गोळ्या आणि संबंधांनंतर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी या एकच, असे पुष्कळांना वाटते. ती दुसरी गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेलची. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. पपई, गूळ, बाजरी, तीळ हे घरगुती उपाय तर कुठल्याच गणतीत बसत नाहीत. त्यांनी गर्भ पडत नाही, हाताशी असलेले दिवस मात्र निघून जातात.

हे दिवस मोजण्यातच सर्वांत जास्त चूक होते. गर्भाचे वय संबंधांच्या तारखेपासून किंवा पाळी चुकल्यापासून धरले जात नाही, ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. समजा, पाळी 1 जूनला आली होती. पुढची 29 जूनच्या सुमारास यायला हवी होती, ती आली नाही. आणखी आठवडाभर वाट पाहून 6 जुलैला घरी चाचणी केली, दोन रेषा दिसल्या. त्या बाईच्या मते जेमतेम आठवडा झालेला असतो. डॉक्टरांच्या हिशोबात पाच आठवडे पूर्ण झालेले असतात. गोळ्यांची 63 दिवसांची मुदत 3 ऑगस्टला संपते. ‘दोनच महिने झालेत’ असे सांगत ऑगस्टअखेर आलेल्या बाईसाठी ही पद्धत कायद्याने बंद झालेली असते.

‘अंगावरून गेले म्हणजे सुटले’ ही समजूत त्याहून घातक आहे. रक्तस्राव झाला याचा अर्थ औषधाने पिशवी आकुंचन पावली, एवढाच. गर्भ पूर्ण पडला की काही भाग आत राहिला, हे त्यावरून ठरत नाही. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजलेला असेल, तर या गोळ्या त्याला हात लावत नाहीत. वरवर सगळे ठीक दिसत राहते आणि नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. तो जिवावर बेततो. म्हणून गोळ्यांआधी तपासणी, गरज वाटल्यास सोनोग्राफी, आणि नंतर पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी हा क्रम ठरलेला आहे. घरच्या लघवीच्या चाचणीचा इथे उपयोग नाही. गर्भ पूर्ण पडल्यानंतरही ती काही आठवडे दोन रेषा दाखवू शकते.

वेळेत आणि देखरेखीखाली घेतल्यास गोळ्यांनी शंभरातल्या 95 ते 98 जणींचा गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांना आणखी औषध द्यावे लागते किंवा पिशवी साफ करावी लागते. शंभरात एखादीचा गर्भ वाढत राहतो. मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येण्याचा धोका असल्याने अशा वेळी उपकरणाने गर्भपात पूर्ण करण्याचा सल्ला दिला जातो. रक्तस्राव पहिल्या काही तासांत पाळीपेक्षा जोरात आणि नंतर कमी होत एक ते दोन आठवडे चालतो. मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर थंडी वाजणे, थोडा ताप, जुलाब हे अपेक्षितच. मात्र सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नसेल किंवा स्रावाला घाण वास येत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायला हवा. तीव्र रक्तक्षय, रक्त न गोठण्याचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेल्यांना गोळ्या देत नाहीत. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. आधीचे सिझेरियन ही मात्र आडकाठी नाही.

दुसऱ्या पद्धतीला आजही सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात, आणि त्या शब्दाबरोबर पिशवी खरवडणारी धातूची पळी डोळ्यांपुढे येते. ती पद्धत जुनी झाली; जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच अशी आहे की ती वापरू नये. तिच्या जागी व्हॅक्यूम पद्धत आली आहे. पेनासारखी प्लास्टिकची नळी पिशवीच्या तोंडातून आत जाते, तिला 60 मिलिलिटरची हातपिचकारी किंवा विजेचे यंत्र जोडलेले असते, आणि पोकळीच्या ओढीने गर्भ बाहेर येतो. पोटावर छेद नाही, टाके नाहीत. पिशवीच्या तोंडाशी भुलीचे इंजेक्शन पुरते, पूर्ण भूल द्यावीच लागते असे नाही. काम पाच ते दहा मिनिटांचे असते, बाई त्याच दिवशी घरी जाते आणि गर्भ पूर्ण निघाला की नाही हे डॉक्टर तिथेच पाहू शकतात. पिशवीला इजा किंवा जंतुसंसर्ग हे धोके आहेत, पण प्रशिक्षित हातांत ते विरळा. ज्या गावातून दवाखान्यात पुन्हा येणे म्हणजे दिवसाची मजुरी आणि दोन एस. टी. बदलणे, तिथल्या बाईला एका फेरीत संपणारी ही पद्धत अनेकदा जास्त सोयीची. घरात एकांत हवा असलेल्या, उपकरण नको असलेल्या बाईला गोळ्या सोयीच्या. नऊ आठवड्यांच्या आत निवड वैद्यकीय कारण नसेल तर बाईचीच असते. बाराव्या आठवड्यापर्यंत व्हॅक्यूम हा मुख्य मार्ग राहतो आणि त्यापुढे रुग्णालयात दाखल होऊन करायच्या वेगळ्या पद्धती असतात.

‘पहिलाच गर्भ पाडला तर पुन्हा मूल होत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. सुरक्षित गर्भपाताने, मग तो गोळ्यांनी असो वा व्हॅक्यूमने, वंध्यत्व येत नाही. ही भीती आली ती काड्या आणि अस्वच्छ हत्यारे वापरणाऱ्यांकडून झालेल्या गर्भपातांतून. तिथे जंतुसंसर्गाने नळ्या बंद होत. खरे तर उलटेच विसरले जाते: गोळ्यांनंतर आठव्या दिवसापासूनही स्त्रीबीज बाहेर पडू शकते, म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. स्तनांच्या कर्करोगाशी जोडला जाणारा संबंधही टिकलेला नाही. 16 देशांतील 53 अभ्यासांची एकत्र फेरतपासणी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली; तीत गर्भपाताने हा धोका वाढत नसल्याचे दिसले.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ आहे. मुलींच्या घटत्या संख्येविरुद्ध मोहिमा कडक झाल्या आणि अनेक औषध दुकानदारांनी तपासणीच्या भीतीने ही पाकिटे ठेवणेच सोडले. सोनोग्राफीत लिंग साधारण बाराव्या आठवड्याच्या आधी खात्रीने कळत नाही, गोळ्या तर नवव्या आठवड्यापर्यंतच्या. लिंगनिदान हा गुन्हा आहे आणि राहायलाच हवा; पण गोळ्यांवर त्याचा संशय घेण्याला हिशोबाचाही आधार नाही.

गर्भपातच बेकायदा आहे, ही समजूत तर पन्नास वर्षांहून जुनी चूक. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 चा, 1 एप्रिल 1972 पासून लागू. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातील कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे मत लागते. गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. गर्भनिरोधक फसणे हे कारण आता अविवाहित स्त्रीलाही लागू आहे, आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतूनही तिला वगळता येत नाही असे स्पष्ट केले. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. सज्ञान स्त्रीसाठी मात्र नवऱ्याची, सासूची वा वडिलांची सही कायदा मागत नाही. संमतीपत्रावर तिची स्वतःची सही पुरते.