इंजिन बांधावे की बदलावे?

मोटारीचे इंजिन निकामी झाले म्हणजे त्यात नेमके काय बिघडले, हे कळण्याआधीच ते दुरुस्त करावे की बदलावे याचा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. गॅरेजमध्ये आवाजावरून निदान होते, मालकाला खर्चाचा अंदाज सांगितला जातो आणि तो आकडा खिशाला झेपतो की नाही एवढ्यावर पुढचे सारे ठरते. वस्तुतः हा निर्णय मोजमापाचा आहे, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात त्याचे महत्त्व अधिक आहे, कारण पावसाळ्यात पुराचे पाणी, उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारे तापमान आणि कोळसा व लोहखनिज वाहणाऱ्या रस्त्यांवरची बारमाही धूळ, असे इंजिनाचे तिन्ही वैरी चंद्रपूर-गडचिरोलीत एकत्र नांदतात.

यांपैकी पाणी सर्वांत वेगाने घात करते. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, आणि तेथून खाली चपराळ्याजवळ ती वर्धा नदीला मिळून प्राणहिता बनते. या पट्ट्यात पूर यायला स्थानिक पाऊसच लागतो असे नाही. वरच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले की स्वच्छ आकाशाखालीही नाले फुगतात आणि रस्त्यांवर पाणी चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात हेच घडले. अशा वेळी पाण्यातून गाडी काढण्याचा मोह होतो, आणि चाकाच्या निम्म्यापर्यंतच पाणी आहे असे वाटत असतानाही पुढच्या बंपरने ढकललेली लाट हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पोहोचते.

त्यानंतर जे होते त्याला हायड्रोलॉक म्हणतात. चौघाती इंजिनात पिस्टन खाली येताना हवा आत ओढतो आणि वर जाताना ती दाबतो. पिस्टन अगदी वरच्या टोकाला गेल्यावर त्याच्या माथ्यावर जी जागा उरते तिला दहनकक्ष म्हणावे. १२०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा वाटा ३०० घनसेंटिमीटर असतो, आणि दाबाचे प्रमाण १० धरले तर ही उरलेली जागा भरते केवळ ३३ घनसेंटिमीटर. १५०० घनसेंटिमीटरच्या, १६ प्रमाणाच्या डिझेल इंजिनात ती आणखी कमी, म्हणजे २५ घनसेंटिमीटर असते. हवा दाबली जाते, पाणी व्यवहारतः दाबले जात नाही. म्हणून अर्ध्या कपाहूनही कमी पाणी एका सिलिंडरात शिरले, तरी वर येणारा पिस्टन मध्येच अडतो, आणि फिरत्या फ्लायव्हीलचा सारा जोर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. गाडी रेंगाळत चाललेली असेल तर इंजिन नुसते बंद पडून निभावते. वेगात असेल तर रॉड वाकतोच, आणि क्वचित ब्लॉक फोडून बाहेर येतो.

खरा धोका मात्र किंचित वाकलेल्या रॉडचा आहे, कारण पाणी काढून टाकल्यावर असे इंजिन सुरूही होते आणि काही महिने चालतेही. प्रत्येक फेऱ्याला वाकडा ताण सोसून धातू थकतो व एके दिवशी भर रस्त्यात रॉड तुटतो. म्हणून बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये, हा नियम निरपवाद मानावा. बॅटरीची तार सोडवून, स्पार्क प्लग (डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा ग्लो प्लग) काढून क्रँक हाताने फिरवला की आतले पाणी बाहेर उडते. तेल दुधाळ झाले असेल तर ते पूर्ण बदलावे लागते. त्यानंतर शंका उरलीच, तर हेड उतरवून प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणावा आणि तो ब्लॉकच्या पृष्ठापासून किती खाली राहतो ते डायल गेजने मोजावे. चारांपैकी एक जरी इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा रॉड वाकून आखूड झाला आहे, हे कोणत्याही आवाजापेक्षा निर्विवाद प्रमाण होय.

उष्णतेची हानी वेगळ्या जातीची असते. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि अनेकांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, तेवढेच लोखंड मात्र ०.४५ मिलिमीटरच्या आसपास. ही तफावत सांभाळण्याचे काम दोहोंमधील हेड गॅस्केट करते, परंतु रेडिएटर कोरडा पडला असताना ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटली, तर हेड धनुष्यासारखे वाकते आणि गॅस्केट उडते. वाकलेले हेड यंत्रावर घासून पुन्हा सपाट करता येते, मात्र उत्पादकाने ठरवलेल्या किमान जाडीखाली ते जाऊ नये. इंजिन तापल्यावर लगेच थांबवलेल्या गाडीचे काम येथेच संपते. त्यासाठी अख्खे इंजिन बदला असे कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या गॅरेजची पायरी चढावी.

धुळीने होणारी झीज संथ असते. फिल्टर चुकवून आत गेलेले कण सिलिंडरच्या भिंती खरवडतात, रिंगा सैल पडतात, इंजिन तेल पिऊ लागते आणि निळसर धूर सोडते. येथे एक सोपी चाचणी उपयोगी पडते. पिस्टन वरच्या टोकाला रोखून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि ती कोठून निसटते ते कान लावून ऐकायचे: तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा चिरलेले हेड. अर्ध्या तासाची ही चाचणी हजारो रुपयांचा चुकीचा खर्च वाचवू शकते, तरीही ती मागणारे ग्राहक फार थोडे.

गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे ढोबळमानाने हेड, व्हॉल्व्ह, रिंगा आणि पिस्टनपुरते काम, तर ‘फुल इंजिन’मध्ये क्रँक व बेअरिंगही येतात. बोअर अंडाकृती झाला असेल तर तो लेथवाल्याकडून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. ती मर्यादाही ओलांडली असेल तर अनेक ब्लॉकना स्लीव्ह घालता येते. मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे दगड उतरवून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यांची फेरजुळणी हाती घेतली, त्या कामात मूळ दगड हाच मोलाचा असतो. इंजिनात मूळपणाला काडीचे मोल नाही, मोल आहे ते मापाला. म्हणून ब्लॉकला बेअरिंगच्या बैठकीपाशी तडा गेला असेल, रॉडने त्याला भोक पाडले असेल किंवा क्रँक घासण्याच्या मर्यादेपलीकडे झिजला असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडणेच शहाणपणाचे. उलट ब्लॉक व क्रँक शाबूत असतील, तर फुल इंजिन काम करून घेतलेले जुने इंजिन भंगार बाजारातून आणलेल्या अनोळखी इंजिनापेक्षा केव्हाही भरवशाचे, कारण त्याच्या आत काय आहे ते कोणीतरी मोजलेले असते.

बदली इंजिन घ्यायचेच तर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत विशेष जपावे लागते. त्यांची सेन्सर, इंजेक्टर व नियंत्रण संगणक यांची सांगड एवढी घट्ट असते की त्याच मॉडेलचे परंतु वेगळ्या मानकाचे इंजिन यांत्रिकदृष्ट्या बसले, तरी चालेलच असे नाही.

हिशेबाची दुसरी बाजू विम्याची आहे. गाडीची विमाघोषित किंमत चौथ्या-पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, आणि दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी पूर्णतः बाद धरली जाते. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीत बदललेल्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे नव्या इंजिनाचा मोठा भार मालकावरच पडतो, तर दुरुस्तीतील मजुरीवर घसारा लागत नाही. पाणी शिरल्यावर चावी फिरवून ओढवलेले नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि नदीकाठच्या तालुक्यांत ते पावसाळ्याआधीच घेतलेले बरे.

इंजिन बदलले की नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन क्रमांक जुळेनासा होतो, म्हणून मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार पूर्वमान्यता न घेता केलेला हा बदल १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावा लागतो. नव्या इंजिनाचे बिल आणि जुन्या इंजिनाची विल्हेवाट कशी लावली त्याची पावती त्यासाठी जपून ठेवावी.