तरुणांचा कॅन्सर : प्रश्न पेशंटनेही विचारायचे

गैरसमज : एवढ्या तरुण पोराला कुठला कॅन्सर? टीबीची गाठ असेल.

15 ते 39 या वयोगटाचा विचार कॅन्सरतज्ज्ञ आता स्वतंत्रपणे करतात. रक्ताचा कॅन्सर, हॉजकिन लिम्फोमा, हाडांचा आणि अंडकोषाचा कॅन्सर या वयातही होतो. मानेतली गाठ टीबीची असूही शकते. पण तिचा तुकडा न तपासता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या घेण्यात मोलाचा काळ हातचा जातो. हॉजकिन आणि अंडकोषाच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट वेळेत उपचार मिळाले तर बरे होतात, म्हणून हा उशीर जास्तच जिव्हारी लागतो.

गैरसमज : संशोधनात नाव घातलं की आपल्यावर प्रयोग होणार.

आईवडील सही करायला घाबरतात ते इथेच. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 पासून कडक नियम आहेत. नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय चाचणी सुरू होत नाही आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. मधेच बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी पालक सही करतात, पण त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

शिवाय प्रत्येक चाचणी नव्या औषधाचीच असते असं नाही. केमोनंतरच्या उलट्यांवर ओलान्झापिन ही गोळी देतात. ती 10 मिलिग्रॅमची घेतली की दिवसभर गुंगी येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 275 पेशंटांमध्ये 10 आणि अडीच मिलिग्रॅमची तुलना केली. निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले : पाव डोसनेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी बरीच कमी येते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असलेल्याला हा फरक फार मोठा आहे.

गैरसमज : संशोधन डॉक्टरांचं काम, पेशंटला त्यातलं काय कळतं?

मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच. बदलापूरहून परळच्या टाटा मेमोरियलला जायचं म्हणजे दादरपर्यंतच सव्वा-दीड तासाची लोकल. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली आलेल्या, गर्दीत संसर्गाची भीती, आणि जायचं कशासाठी, तर कधी कधी फक्त रक्त तपासायला. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, पण विशीतला धडधाकट दिसणारा मुलगा तिथे चढला की आधी नजरा झेलतो. ही तपासणी अंबरनाथला करून रिपोर्ट पाठवला तर उपचार तितकेच सुरक्षित राहतील का? उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम करणाऱ्याचा रोज बुडतो, म्हणून किती जण उपचार अर्धवट सोडतात? हे संशोधनाचेच प्रश्न आहेत, आणि ते त्या डब्यातून प्रवास करणाऱ्यालाच आधी सुचतात.

ब्रिटनमध्ये तरुण पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि डॉक्टर यांनी मिळून संशोधनाच्या प्रश्नांचा अग्रक्रम ठरवला. पहिला क्रमांक नव्या औषधाला मिळाला नाही. उपचारांच्या काळात आणि नंतर मानसिक आधार कसा द्यावा, हा प्रश्न वर आला. आपल्याकडेही पाया आहे. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने 2009 मध्ये सुरू झाला. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आपल्या तीन शहरांतल्या तरुणांना अशा गटांत आणि संशोधनाच्या आखणीत जागा मिळायलाच हवी. ‘मला पुढे मूल होईल का’ हा प्रश्न आईसमोर विचारताच येत नाही, हे डॉक्टरांना तेच सांगू शकतील. केमोआधी वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवता येतात. पण विषय वेळेत निघायला हवा.

गैरसमज : उपचार संपले, आता फाइल माळ्यावर.

काही औषधांचा हृदयावर, काहींचा प्रजननक्षमतेवर परिणाम वर्षांनंतरही दिसतो. बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांसाठी टाटामध्ये 1991 पासून वेगळी ओपीडी चालते ती याचसाठी. कोणती केमो, किती डोस, रेडिएशन कुठे दिलं, याचा कागद मुलाच्या स्वतःच्या हाती द्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवायला सांगा. नोकरीसाठी गाव बदललं तर नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तोच लागेल.