केस कापताना मूल का घाबरते?

तापखोकल्याचे बोलून झाले की काही आईवडील जाता जाता दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, हा केस कापायला बसतच नाही हो. तिघाचौघांनी धरावे लागते. काय करावे?" असे मूल पुष्कळदा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले असते. लोक त्याला हट्टी म्हणतात. पण हा हट्ट नव्हे.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. अशा अनेक मुलांना आवाज, स्पर्श आणि वास आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. कानाशी गुणगुणणारे मशीन, अचानक उडालेला पाण्याचा फवारा, गळ्याशी आवळलेले कापड, मानेवर टोचणारे केस, पावडरीचा वास हे सारे एकाच वेळी अंगावर येते. काही मुलांना ते शब्दांत सांगताही येत नाही. मग ते किंचाळते, डोके झटकते. जबरदस्तीने धरले तर भीती पक्की होते आणि पुढच्या खेपेला सलूनची पायरी पाहताच रडणे सुरू होते. शिवाय धडपडीत कात्री लागण्याचा धोका असतोच.

यावर औषधापेक्षा सलूनवाल्याची सबुरी अधिक उपयोगी पडते. २०१५ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतात एका केशकर्तनकाराने अशा लहान मुलाचे केस स्वतः जमिनीवर आडवे पडून कापले. त्याआधी त्याने मुलाचा विश्वास मिळवण्यात बरेच दिवस घालवले होते. आपल्याकडचे कारागीरही हे करू शकतात.

पालकांनी आणि सलूनवाल्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. रविवारची गर्दी टाळावी. आधी विचारून निवांत वेळी जावे. दरवेळी कारागीर तोच असावा.

२. पहिल्या एकदोन खेपांना केस कापूच नयेत. मुलाने दुकान पाहावे, कंगवा हातात घ्यावा, खुर्चीवर बसून उतरावे.

३. रेडिओ, टीव्ही व शक्य असल्यास पंखा बंद ठेवावा. मशीनऐवजी कात्री वापरावी. कापड नको असेल तर जुना सदरा चालेल.

४. प्रत्येक कृती आधी सांगावी. "आता दहा वेळा कात्री, मग थांबू," असे म्हणून मोठ्याने मोजावे आणि दहाला खरोखरच थांबावे.

५. मूल फारच अस्वस्थ झाले तर तेथेच थांबावे. अर्धे आज, अर्धे चार दिवसांनी. अर्धवट केसांना कोणी हसले तरी बिघडत नाही.

दोन सूचना महत्त्वाच्या. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यांची मान जोराने वाकवू नये, मालिश करताना 'कडकड' मोडणे तर मुळीच नको. दुसरे, केस कापण्यासाठी मनाने गुंगीचे औषध कधीही देऊ नये.

मूल नखे कापताना, दात घासतानाही असेच घाबरत असेल, किंवा बोलायला उशीर झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे अशा मुलांची तपासणी होते.

आणि सलूनवाल्यांना माझी एक विनंती. अशा मुलासाठी अर्धा तास जादा गेला तर तो वाया गेला असे समजू नका. त्या घराला तेवढाच मोठा आधार होतो.