आदिवासी पंचायतींचे दिवाणी अधिकार (विदर्भ)

आदिवासी पंचायत ही जमातीतील तंटे रूढीप्रमाणे मिटवणारी पारंपरिक संस्था होय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रातील गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ व अमरावती या जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्रे आहेत. तेथील पारंपरिक पंचायतींना जमातीबाहेरील व्यक्तीविरुद्ध दिवाणी दावा चालवण्याचा कायदेशीर अधिकार नाही. असे दावे दिवाणी न्यायालयापुढे आणि जमीन परत मिळवण्याची प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतात.

पारंपरिक निवाडा

गोंड व माडिया गावांत गावप्रमुख आणि वडीलधारी मंडळी विवाह, वारसा, शेताची हद्द यांसारख्या तंट्यांचा निवाडा करतात. या निवाड्याचे बळ उभय पक्षांच्या संमतीत व गावाच्या धाकात असते. बाहेरून आलेल्या सावकारावर वा व्यापाऱ्यावर हा धाक चालत नाही. त्याने निवाडा नाकारल्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे त्याची बजावणी करता येत नाही.

घटनात्मक चौकट

संविधानाच्या सहाव्या अनुसूचीनुसार ईशान्य भारतातील काही जिल्ह्यांत स्वायत्त परिषदांना न्यायालये स्थापता येतात. मात्र तेथेही दाव्यातील सर्व पक्ष त्या क्षेत्रातील अनुसूचित जमातींचे असावे लागतात. महाराष्ट्रातील क्षेत्रे पाचव्या अनुसूचीत मोडतात व तीत अशा न्यायालयांची तरतूद नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने तंटे सोडवण्याची रूढ पद्धत जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले. महाराष्ट्राने त्यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये केले. आदिवासींच्या जमिनींचे हस्तांतरण रोखणे, बेकायदा गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी कारवाई करणे आणि सावकारीवर नियंत्रण ठेवणे हे अधिकारही या कायद्यात ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायतींसाठी आहेत. तथापि त्यामुळे ग्रामसभा न्यायालय ठरत नाही.

जमिनीचे दावे

कर्जापायी आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्याचा प्रश्न जुना आहे. १९४४ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील आदिवासींविषयीच्या अहवालातही त्याची चर्चा आहे.

महाराष्ट्राच्या १९७४ च्या जमीन प्रत्यार्पण कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या शेतजमिनी, जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर, मूळ आदिवासी खातेदारास परत मिळू शकतात. त्याला जमीन स्वतः कसण्याची हमी द्यावी लागते. या निर्णयावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. या कार्यवाहीत वकिलांना मनाई आहे. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. पुढील व्यवहारांसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते.

म्हणजेच बाहेरील व्यक्तीपासून आदिवासीला मिळणारे संरक्षण जमातीच्या न्यायसंस्थेकडून नव्हे, तर राज्याच्या महसूल यंत्रणेकडून येते. तालुका वा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कागदपत्रे सादर करणे ज्याला जमत नाही, त्याचा हक्क कायद्यात असूनही हाती येत नाही.

तुलना

अमेरिकेत मूलनिवासी जमातींची स्वतःची न्यायालये आहेत. मोंटाना विरुद्ध अमेरिका (१९८१) या निर्णयानुसार, जमातीबाहेरील व्यक्तीच्या मालकीच्या जमिनीवर तिच्याविरुद्ध जमातीला सामान्यतः दिवाणी अधिकार नसतो. याला दोन अपवाद आहेत: त्या व्यक्तीने जमातीशी करार, व्यापार यांसारखे संमतीचे संबंध जोडलेले असणे, किंवा तिच्या वर्तनामुळे जमातीची राजकीय अखंडता, आर्थिक सुरक्षितता, आरोग्य अथवा कल्याण धोक्यात येणे.