गोलरक्षकाने केलेला गोल

८ मे १९९९. इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीतला हंगामाचा शेवटचा दिवस. तळाचा संघ थेट लीगबाहेर जाणार होता. ब्रन्टन पार्कवर कार्लाइल युनायटेड आणि प्लिमथ अर्गाइल १-१ अशा बरोबरीत होते. कार्लाइलसोबतच तळाशी झुंजणाऱ्या स्कारबरोचा सामना संपला होता आणि वाचल्याच्या आनंदात तिथले प्रेक्षक मैदानात उतरले होते. भरपाई वेळेत कार्लाइलला कॉर्नर मिळाला. गोलरक्षक जिमी ग्लास आपला गोल मोकळा सोडून पुढे धावला. स्कॉट डोबीचा हेडर अडवला गेला, चेंडू ग्लाससमोर पडला आणि त्याने तो उजव्या पायाने जाळ्यात मारला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो बाहेर गेलं. २००७ मध्ये तो क्लब बंदच पडला.

हा गोल करणारा माणूस कार्लाइलचा नव्हताच. क्लबकडे गोलरक्षक उरला नव्हता, म्हणून खेळाडू घेण्याची मुदत उलटल्यावर खास परवानगीने त्याला स्विंडन टाउनकडून उसना आणलं होतं. कार्लाइलकडून तो जेमतेम तीन सामने खेळला. त्याआधीच्या वर्षी, १९९८ मध्ये, बोर्नमथकडून वेम्ब्लीवर खेळताना त्याच्या नावावर स्वयंगोल लागला होता.

एवढ्या मोठ्या क्षणानंतरही त्याला कुठे स्थिर जागा मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते आणि खालच्या श्रेणीत करार छोटे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने व्यावसायिक फुटबॉल सोडलं. पुढे त्याने टॅक्सी चालवली. नंतर बोर्नमथनेच त्याला खेळाडूंच्या मदतीचं काम दिलं.